टपावरचं ऊन, रात्रीचा पंखा

जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीचं दर्शन घेऊन पांढुर्ण्याच्या संत्राबागांकडे निघालेली व्हॅन रात्री मुक्कामाला थांबते. दिवा-पंख्याला वीज कुठून आणायची? गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीतून घेतली, तर सकाळी धक्का मारावा लागेल. म्हणून वेगळी बॅटरी हवी आणि ती भरायला टपावर सोलर पॅनल.

आधी हिशोब मांडा. 20 वॅटचा पंखा 8 तास म्हणजे 160 वॅट-तास, 9 वॅटचा दिवा 5 तास म्हणजे 45, दोन मोबाइलचे 30, एकूण 235. स्वच्छ उन्हात 100 वॅटचं पॅनल घट वजा जाता दिवसाला साधारण 300 देतं. 12 व्होल्ट, 75 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 900 वॅट-तास मावतात. मात्र लेड-ॲसिड असेल तर निम्म्याहून जास्त वापरू नये.

पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच; तो बॅटरी जास्त भरू देत नाही. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना उलट. बॅटरीजवळच फ्यूज बसवा आणि बॅटरी घट्ट बांधा.

पॅनलची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला सुमारे 0.4 टक्के वीज घटते. म्हणून ते टपाला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या.

आणि पिंपळाखाली गाडी लावाल तर तुम्हाला गारवा मिळेल, पण बॅटरी उपाशी राहील!