राणी कोणी व्हायचं?



आजचा विषय वादाचा आहे. नट ज्याची भूमिका करतो, त्याच्याच जातीचा, समाजाचा, लिंगाचा तो असायला हवा का? दलित पात्र दलित नटानेच करावं, तृतीयपंथी पात्र तृतीयपंथी कलावंतानेच करावं, असा नियम असावा का?

एक बाजू म्हणते, "अहो, अभिनय म्हणजेच दुसऱ्याचं सोंग. स्वतःचीच भूमिका करायची तर नट कशाला हवा?" दुसरी बाजू म्हणते, "आमचं आयुष्य पडद्यावर दाखवता, पण काम मात्र आम्हाला देत नाही." दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकताना पटतं, आणि म्हणूनच हा वाद संपत नाही.

तो सोडवायला मी तुम्हाला रायपूरला नेणार आहे. इथला सदर बाजार म्हणजे सराफांची पेठ. तिथून जवळच बैजनाथपारा नावाची वस्ती आहे. 1 सप्टेंबर 1923 रोजी रायपुरात जन्मलेले हबीब तन्वीर याच भागातले. शाळा रायपुरात, कॉलेज नागपूरला मॉरिस कॉलेजात, मग मुंबई, दिल्ली आणि पुढे नाट्यशिक्षणासाठी इंग्लंड. परत आल्यावर 1958 मध्ये त्यांनी दिल्लीत शूद्रकाचं 'मृच्छकटिक' हिंदीत बसवलं आणि त्यासाठी छत्तीसगढहून सहा लोककलावंत नेले. 1959 मध्ये मोनिका मिश्र यांच्यासोबत 'नया थिएटर' ही संस्था काढली.

हे लोककलावंत होते 'नाचा'चे. नाचा हा छत्तीसगढचा लोकनाट्यप्रकार. आपल्या तमाशासारखीच त्यात गाणी, नाच, विनोदी सोंगं आणि रात्रभर चालणारा खेळ. त्यातला विदूषक म्हणजे 'जोक्कड', आणि नाचणारी 'परी' म्हणजे बहुतेक वेळा लुगडं नेसलेला पुरुष.

गावाकडे रात्रभर मैदान गाजवणारी ही माणसं शहरातल्या रंगमंचावर मात्र अडखळायची. हबीबसाहेबांना याचं कारण उमगायला बरीच वर्षं लागली, आणि ते त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. एक तर ते त्यांच्याकडून छत्तीसगढीऐवजी हिंदी बोलवून घेत होते. दुसरं म्हणजे, इथून इतकी पावलं चाला, तिथे वळा, असं इंग्रजी शिस्तीत बांधून टाकत होते. 1973 साली रायपुरात नाचा कलावंतांची कार्यशाळा झाली. तिथे या नटांना त्यांची बोली आणि त्यांच्या चालीने खेळायची मोकळीक मिळाली, आणि चित्र पालटलं.

दोन वर्षांनी आलं 'चरणदास चोर'. विजयदान देथा यांनी लिहिलेल्या राजस्थानी लोककथेवर ते आधारलेलं होतं. एक चोर गुरूपुढे गमतीत शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राजा होणार नाही, राणीशी लग्न करणार नाही. वर एक खरं बोलण्याची शपथ. पुढे हे सगळं खरोखरच त्याच्यासमोर चालून येतं. राणी त्याच्यावर भाळते, तो नकार देतो. निदान ही गोष्ट कोणाला सांगू नकोस, असं ती विनवते. पण खरं बोलण्याची शपथ आड येते, आणि राणी त्याला मारून टाकते.

ही राणी रंगमंचावर केली फिदाबाई मरकाम यांनी. त्या देवार समाजातल्या. देवार म्हणजे गाणी गात, नाचत गावोगाव हिंडणारा समाज. राजवाड्याशी त्यांचा संबंध काय? काहीच नाही. पण त्यांची राणी लोकांनी मानली. 1982 साली एडिनबराच्या महोत्सवात या नाटकाला 'फ्रिंज फर्स्ट' हा पुरस्कार मिळाला.

आता याच कथेवर श्याम बेनेगल यांनी 1975 मध्ये मुलांसाठी चित्रपट केला. चोर झाले नाचातलेच लालूराम. राणी झाली आपली स्मिता पाटील. पुण्यात जन्मलेली, राजकारणी शिवाजीराव पाटलांची मुलगी, तेव्हा जेमतेम वीस वर्षांची.

एकच भूमिका, दोन बायका. 'नट आणि पात्र एकाच ओळखीचे हवेत' हा नियम लावा, दोघीही बाद होतात. कारण राणी दोघीही नव्हत्या. शिवाय फिदाबाईंच्या वाट्याला आयुष्यभर फक्त गरीब भटकी बाई आली असती.

म्हणजे हा नियम ज्यांच्या भल्यासाठी मांडला जातो, त्यांनाच तो कोंडून टाकू शकतो. आपण मराठी माणसं हे चांगलं जाणतो. हिंदी सिनेमात मराठी नटांना वर्षानुवर्षं काय मिळालं? हवालदार आणि कामवाली बाई. ओळख अगदी जुळलेली. त्यात न्याय होता का?

पण इथे थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. स्मिता पाटीलने पुढे 'मंथन'मध्ये खेड्यातली गरीब बाई केली, 'चक्र'मध्ये झोपडपट्टीतली बाई केली आणि 'चक्र'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. कामं उत्तमच होती. प्रश्न तिच्या कामाचा नाही. प्रश्न असा, की स्मिता झोपडपट्टीत जाऊ शकली, तशी झोपडपट्टीतली मुलगी सिनेमातल्या बंगल्यात जाऊ शकली का? फिदाबाईंना राणी होता आलं ते नया थिएटरमध्ये. बाकी कुठे त्यांना ती भूमिका कोणी दिली असती?

तेव्हा हा प्रश्न मुळात दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला: करता येतं का? दुसरा: करायला मिळतं कोणाला? पहिला कलेचा, दुसरा रोजगाराचा आणि मानाचा. भांडणात आपण एकाचं उत्तर दुसऱ्याला देतो.

आपलाच इतिहास बघा. 1913 साली दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. सिनेमात यायला बाई तयार नव्हती म्हणून. रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्री अशी उभी केली, की घरंदाज बायका त्यांच्या साड्यांची आणि केशरचनेची नक्कल करू लागल्या. पुरुषाला स्त्री करता येते का? येते, ते बालगंधर्वांनी सिद्ध केलं. पण त्या काळात स्त्रीला रंगमंचावर जायची मुभा होती का? फारच थोड्यांना, आणि तीही बदनामी सोसून. पुढे हिराबाई बडोदेकर आल्या, 1933 च्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे आल्या, आणि दार उघडत गेलं. म्हणून बालगंधर्वांचं मोठेपण कमी झालं का? नाही. पण दार बंद असणं योग्य होतं, असंही आज कोणी म्हणणार नाही.

आता अगदी अलीकडचं. रवी जाधव यांच्या 'नटरंग'मध्ये (2010) अतुल कुलकर्णींनी नाच्या केला, 'बालगंधर्व'मध्ये (2011) सुबोध भावे बालगंधर्व झाले. दोन्हींचं कौतुक झालं. त्यांनीच 2023 मध्ये गौरी सावंत यांच्या आयुष्यावर 'ताली' ही मालिका केली. गौरी सावंत तृतीयपंथी कार्यकर्त्या, भूमिका सुष्मिता सेनची. या वेळी मात्र विचारणा झाली, तृतीयपंथी कलावंत का नाही? बाहेरच्या जगातही तेच. 'द डॅनिश गर्ल'मध्ये तशीच भूमिका करणाऱ्या एडी रेडमेननेच 2021 मध्ये म्हटलं, की ती स्वीकारणं चूक होती.

'नटरंग'ला न विचारलेलं 'ताली'ला का विचारलं? माझ्या मते, मधल्या काळात दारात उभी असलेली माणसं दिसू लागली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले. 2015 मध्ये इथे छत्तीसगढमध्येच रायगढला मधू किन्नर महापौर झाल्या. शहर चालवायला जी व्यक्ती चालते, ती पडद्यावर का चालू नये?

आणि तशी संधी दिली तर काय मिळतं, तेही पाहू. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (2014) लोकशाहीर नारायण कांबळे झाले नागपूरचे वीरा साथीदार. आयुष्यभर आंबेडकरी चळवळीत राहिलेला माणूस. त्यांचा आवाज आणि कटघऱ्यातलं ते शांत उभं राहणं कुठल्या नाट्यशाळेत शिकवत नाहीत. पण त्याच चित्रपटात सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी अभिनेत्री आहेत, वकील नव्हेत, आणि त्याही तितक्याच खऱ्या वाटतात.

म्हणून नियमापेक्षा एक कसोटी हाताशी ठेवावी. भूमिका ठरवताना तीन गोष्टी विचाराव्यात. ज्यांची गोष्ट आहे, त्यांना निवडीसाठी बोलावलं होतं का? त्यांच्यापैकी कोणी लेखनात, तालमीत आहे का? आणि त्यांना त्यांच्या ओळखीपलीकडची भूमिका कधी मिळते का? तिन्हींना "नाही" असं उत्तर येत असेल, तर "अभिनय म्हणजे सोंगच" ही नुसती पळवाट आहे.

हे मोठ्या सिनेमापुरतंच नाही. रायपूर, इंदूर, बडोदा, बेळगाव, जिथे जिथे मराठी मंडळं आहेत, तिथे गणपतीत नाटक होतं. त्यात एक मोलकरीण असते, ती गावठी किंवा तिथल्या बोलीत बोलते आणि प्रेक्षक हसतात. यंदा भूमिका वाटताना, ती बोली जिच्या घरात खरंच बोलली जाते अशा एखादीला तालमीला बोलावून बघा. आणि तिच्या हातात मोलकरणीचं नको, घरमालकिणीचं काम द्या.

भेटू पुढच्या भागात.