मिठाशी झुंजणारी झाडं

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. असं पाणी आंब्या-फणसाच्या मुळाशी साचून राहिलं, तर भोवती पाणीच पाणी असूनही झाड तहानेनं वाळतं. पाण्याची ओढ जास्त मिठाकडे असते; बाहेर मीठ जास्त असलं की मुळांना पाणी आत घेता येत नाही. कोकणच्या खाड्यांमधली कांदळवनं मात्र रोज दोनदा भरतीचं पाणी अंगावर घेऊनही हिरवीगार असतात.

या वनांमधलं कांदळ नावाचं झाड मीठ मुळाशीच अडवतं. त्याच्या मुळांमधले पेशींचे थर पाणी आत घेतात आणि बहुतेक सगळं मीठ बाहेर ठेवतात. त्यासाठी लागणारं बळ पानांकडून येतं. पानांतून बाष्प उडालं की खोडातल्या पाण्यावर प्रचंड ताण पडतो आणि खारं पाणीसुद्धा मुळांतून गाळून वर खेचलं जातं. इतक्या कष्टानं मिळालेलं पाणी उधळून चालत नाही, म्हणून पानं जाड आणि गुळगुळीत असतात.

तिवराचं झाडही बरंचसं मीठ मुळांशी रोखतं, पण जे आत शिरतं ते पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतं. कोरड्या दिवसांत दुपारी तिवराचं पान उन्हात धरून पाहिलं, तर त्यावर बारीक पांढरे कण चमकतात. ते मीठच. काजळा आणि मारांडी या कांदळवनातल्या इतर वनस्पतींच्या पानांतही अशा ग्रंथी असतात.

मिठाइतकंच मोठं संकट श्वासाचं. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. म्हणून तिवराच्या आडव्या मुळांतून बोटाएवढी शेकडो श्वसनमुळं चिखलाबाहेर डोकं काढतात. महाराष्ट्रानं २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून निवडलेल्या पांढऱ्या चिप्पीची श्वसनमुळं जाड, शंकूच्या आकाराची असतात. कांदळाला खोडापासून कमानीसारखी खाली उतरणारी आधारमुळं असतात. या सगळ्या मुळांच्या सालीवर हवेची छिद्रं असतात. शास्त्रज्ञ शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आधारमुळांवरची छिद्रं ग्रीसनं बुजवली, तेव्हा चिखलातल्या मुळांमधला ऑक्सिजन झपाट्यानं घटला.

कांदळाचं बी तर झाडावरच रुजतं. शेंगेसारखा लांब कोंब तयार झाला की तो गळून पडतो, लाटांवर तरंगत जातो आणि गाळ लागला की मुळं धरतो. खाऱ्या चिखलात उगवण्याचा सगळ्यात नाजूक टप्पा तोवर पार पडलेला असतो.

ही सारी व्यवस्था भरती-ओहोटीवर चालते. बांध घालून भरती अडवली की पाणी आटत जातं, मागे मीठ साठत जातं आणि कांदळवनालाही ते झेपत नाही. राडारोडा टाकला की श्वसनमुळं गाडली जातात. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात कांदळवनांची तोड थांबवण्याबरोबरच त्यांत राडारोडा टाकायलाही मनाई केली. कुऱ्हाड न लावताही कांदळवन मारता येतं, त्यामुळे झाडं उभी आहेत का एवढंच पाहून भागत नाही. भरतीचं पाणी मुळांपर्यंत पोहोचतं का आणि ओहोटीला परत जातं का, हेही तपासावं लागतं.