पार्सल बंदुकीचं, पत्ता दुकानदाराचा

२० मार्च १९६३ रोजी अमेरिकेत दोन वेगवेगळ्या शहरांतून दोन पार्सलं निघाली. दोन्ही डॅलसला जायची होती आणि दोन्ही ए. हिडेल नावाच्या गिऱ्हाइकाची होती. शिकागोच्या क्लाइन्स स्पोर्टिंग गुड्स या दुकानाने पाठवलेल्या पार्सलात दुर्बीण बसवलेली जुनी इटालियन लष्करी रायफल होती. तिची किंमत १९ डॉलर ९५ सेंट, वर टपालखर्च दीड डॉलर. गिऱ्हाइकाने मासिकातल्या जाहिरातीचं कुपन कापून मनीऑर्डरीसोबत धाडलं होतं, आणि रायफल सरकारी टपालाने त्याच्या पोस्ट बॉक्सच्या पत्त्यावर गेली. दुसरं पार्सल लॉस एंजेलिसहून निघालं. त्यात .३८चं रिव्हॉल्व्हर होतं. ते मात्र टपालाने नाही, रेल्वे एक्स्प्रेस या खाजगी कंपनीमार्फत गेलं, आपल्याकडच्या व्ही.पी.सारखं, म्हणजे उरलेले पैसे माल सोडवताना द्यायचे. हिडेल हे नाव खोटं होतं. खरं नाव ली हार्वी ऑसवाल्ड. त्या रायफलीने नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा जीव घेतला आणि रिव्हॉल्व्हरने त्याच दुपारी एका पोलिसाचा.

एकाच माणसाचा माल दोन वाटांनी का गेला, याचं उत्तर १९२७च्या कायद्यात आहे. अंगावर लपवता येईल अशी बंदूक, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, टपालाने पाठवायला त्या कायद्याने मनाई केली. वॉशिंग्टन राज्याचे प्रतिनिधी जॉन मिलर यांनी तो मांडला होता आणि राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी त्यावर सही केली. पण मनाई सरकारी टपालापुरतीच होती, खाजगी वाहतूकदारांना ती लागू नव्हती. त्यामुळे चाळीस वर्षं दुकानदार रायफल पोस्टाने आणि पिस्तूल एक्स्प्रेस कंपनीने पाठवत राहिले. कायदाही मोडला नाही आणि धंदाही बुडाला नाही. इतकी रुंद पळवाट ठेवलेला कायदा करण्यापेक्षा न केलेला बरा, असं मला वाटतं. पण तो अजूनही पुस्तकात आहे आणि अलीकडे त्याला न्यायालयात आव्हानही मिळालं आहे.

पळवाट बुजवली ती १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टने. सिनेटर थॉमस डॉड यांची या विषयावरची खटपट केनेडींच्या हत्येआधीच सुरू झाली होती. तरी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून होईपर्यंत काँग्रेस हलली नाही. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. आजची सगळी पद्धत या कायद्यावर उभी आहे. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं सोपं जातं: पार्सल कोणत्या रस्त्याने गेलं याची या कायद्याला फारशी फिकीर नाही, बंदूक कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची आहे. नवा हात दुसऱ्या राज्यातला असेल, तर मध्ये परवानाधारक दुकानदार हवाच.

उदाहरण घेऊ. ओहायोतल्या एका गृहस्थाला हरणाच्या शिकारीची आपली रायफल टेक्सासमधल्या एका ओळखीच्याला विकायची आहे. दोघेही साधे नागरिक. त्याने ती थेट त्या ओळखीच्याच्या घरी पाठवली, तर तो केंद्रीय गुन्हा. म्हणून आधी टेक्सासच्या माणसाने आपल्या गावातला परवानाधारक दुकानदार गाठायचा आणि ‘माझ्या नावाने एक रायफल येईल, घ्याल का?’ असं विचारायचं. थोडीशी फी घेऊन बहुतेक दुकानदार हे काम करतात. मग दुकानदाराच्या परवान्याची प्रत ओहायोला जाते. ती खरी आहे की बनावट, हे पाहायला एटीएफ या केंद्रीय खात्याने संकेतस्थळावर सोय केली आहे. परवाना क्रमांकाचे पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाकले की दुकानाचं नाव आणि पत्ता समोर येतो. पार्सल त्याच पत्त्यावर जायचं. ‘मी घरीच असतो, घरी पाठवा’ असं दुकानदार म्हणाला आणि परवान्यावर घराचा पत्ता नसला, तर तिथेच थांबावं.

आता बांधणी. पहिलं काम बंदूक रिकामी करण्याचं. मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये काडतूस राहिलं नाही ना हे डोळ्यांनी पाहायचं, आणि वर बोट घालून चाचपायचं. बोल्ट वेगळा काढून गुंडाळलेला बरा, त्याने लांबीही कमी होते आणि दस्त्यावर चरे पडत नाहीत. काडतुसं त्याच खोक्यात टाकायचा मोह टाळायचा. अमेरिकन टपाल खातं काडतुसं घेतच नाही, एकसुद्धा नाही. खोकं साधं, तपकिरी, भक्कम. बंदुकीच्या कंपनीचं नाव छापलेलं मूळ खोकं असेल तर ते दुसऱ्या खोक्यात घालायचं, कारण आत काय आहे हे बाहेरून कळता कामा नये. कायदा तर उलट बाजूनेही बोलतो: ‘आत बंदूक आहे’ अशी चिठ्ठी लावायला वाहतूक कंपनी पाठवणाऱ्याला भाग पाडू शकत नाही. ज्वालाग्राही मालावर लाल-पिवळे इशारे डकवायची सवय असलेल्या गोदामात हे विचित्र वाटेल. पण इथे भीती पेट घेण्याची नाही, वाटेत कोणी हात मारण्याची आहे.

खोकं घेऊन जायचं कुठे? रायफल किंवा शॉटगन असेल तर सरळ पोस्टात. मात्र रायफलीची नळी किमान १६ इंच, शॉटगनची १८ आणि एकूण लांबी २६ इंच तरी हवी. त्याहून आखूड असेल तर ती लपवता येण्याजोगी ठरते आणि १९२७चा कायदा आडवा येतो. खिडकीवरचा कारकून खोकं उघडून दाखवायला सांगू शकतो, किंवा बंदूक रिकामी असल्याचं लेखी मागू शकतो. पार्सलाचा माग राहील आणि घेणाऱ्याची सही होईल, अशीच सेवा निवडावी. यूपीएस किंवा फेडएक्सच्या काउंटरवर जाऊन मात्र उपयोग नाही. या कंपन्या आता बंदुका फक्त परवानाधारकांकडून, तेही त्यांच्याशी आधी करार असेल तरच घेतात. सरकारी कायदा एक आणि कंपनीचा नियम त्याहून कडक, असा हा मामला आहे. म्हणून पिस्तूल विकणाऱ्या सामान्य माणसाला पोस्टही बंद आणि कुरियरही बंद. त्याने ते आपल्या गावच्या दुकानदाराकडे द्यायचं. त्या दुकानदाराने टेक्सासच्या दुकानदाराकडे पाठवायचं. ठरावीक फॉर्म भरून परवानाधारक दुकानदार एकमेकांना पिस्तुलं पोस्टानेही पाठवू शकतात.

बंदूक म्हणजे नेमका कुठला भाग, हा प्रश्न इथे उभा राहतो आणि त्याचं उत्तर भल्याभल्यांना चकवतं. नळी, दस्ता, दुर्बीण, मॅगझिन हे केंद्रीय कायद्याच्या नजरेत नुसते सुटे भाग आहेत. ज्या सांगाड्यावर सिरियल नंबर कोरलेला असतो, तो सांगाडा म्हणजे बंदूक, मग त्यातून गोळी उडो न उडो. दीड हजार डॉलरची नळी माणूस घरपोच मागवू शकतो, पण शंभर डॉलरचा रिकामा सांगाडा दुकानदारामार्फतच यावा लागतो. याचाच फायदा घेऊन काही कंपन्यांनी अर्धवट घडवलेले, नंबर नसलेले सांगाडे हत्यारांच्या जोडीने घरपोच विकायला सुरुवात केली. चार भोकं पाडली, थोडं घासलं की झाली बंदूक. २०२२मध्ये एटीएफने अशा संचांनाही बंदूकच मानायचा नियम केला आणि मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. दुसऱ्या टोकाला १८९८ किंवा त्याआधी घडवलेली बंदूक १९६८च्या कायद्याच्या हिशेबी बंदूकच नाही, पुराणवस्तू आहे.

हाताचा हिशेब किती काटेकोर आहे हे दोन सवलतींवरून दिसतं. बिघडलेली बंदूक मालकाने कारखान्याकडे दुरुस्तीला पाठवली, तर कारखाना ती दुसऱ्या राज्यातही थेट मालकाच्या घरी परत पाठवू शकतो. मालक तोच, नवा हात कुठे आहे? दुसरी सवलत शिकाऱ्यांची. दूरच्या राज्यात शिकारीला जाणारा माणूस आपली रायफल स्वतःच्याच नावाने, तिथल्या यजमानाच्या पत्त्यावर पाठवू शकतो. अट एवढीच की ते खोकं यजमानाने उघडायचं नाही, पाहुण्यानेच उघडायचं.

आपली रायफल टेक्सासला पोचली. दुकानदार सिरियल नंबर पडताळतो आणि बंदूक कोणी बनवली, मॉडेल, प्रकार, कॅलिबर, कोणाकडून आली हे फार तर पुढच्या कामाच्या दिवसाअखेर आपल्या नोंदवहीत चढवतो. मग खरेदीदाराला बोलावणं. त्याने ओळखपत्र घेऊन स्वतः यायचं आणि अर्ज क्रमांक ४४७३ स्वतः भरायचा. बंदूक खरोखर तुमच्यासाठीच घेताय ना, हा त्यातला कळीचा प्रश्न. पुढे गंभीर गुन्ह्यातली शिक्षा, घरगुती हिंसाचार, फरारी असणं, अमली पदार्थ. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी इथे चालत नाही, असं अर्जावरच बजावलेलं आहे. व्हिसाचाही प्रश्न आहे. अमेरिकेत एच-१बीवर असलेल्या आपल्या मंडळींना सर्वसाधारणपणे बंदूक घेता येत नाही, पण त्या देशातल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना असेल तर हीच बंदी उठते. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचणच नाही.

अर्ज भरला की दुकानदार फोनवर किंवा संगणकावर एफबीआयची पडताळणी करतो. काही राज्यांत ती राज्याच्या यंत्रणेमार्फत होते. ३० नोव्हेंबर १९९८पासून ही पद्धत चालू आहे. उत्तर तीनपैकी एक येतं: द्या, थांबा, देऊ नका. ‘थांबा’ आलं आणि कामाचे तीन दिवस पुढे काहीच कळलं नाही, तर केंद्रीय कायद्याप्रमाणे दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्या तरुणाच्या हाती पिस्तूल असंच आलं होतं. २०२२च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांसाठी ही मुदत कामाच्या दहा दिवसांपर्यंत वाढवता येते. बाकीच्यांसाठी तीनच.

मंजुरी मिळालेल्याची ओळख एफबीआयने २४ तासांच्या आत पुसून टाकायची असते, कारण बंदूकमालकांची देशव्यापी यादी करायला १९८६च्या कायद्याने मनाई आहे. ४४७३चा कागद दुकानदाराच्या कपाटातच राहतो. उद्या ही रायफल गुन्ह्यात सापडली, तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या, बंदुकांचा माग काढणाऱ्या एटीएफच्या केंद्राला आधी कारखान्याकडे विचारावं लागतं, मग घाऊक विक्रेत्याकडे, मग दुकानदाराकडे. दुकान बंद पडलेलं असलं तर त्याचे कागद मार्टिन्सबर्गलाच आलेले असतात. ते स्कॅन केलेले आहेत, पण मालकाच्या नावाने शोधायची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. माणूस पानामागून पान बघत बसतो.

शिवाय ही साखळी कारखान्यापासून सुरू होते आणि पहिल्या गिऱ्हाइकाशी, म्हणजे ओहायोच्या गृहस्थाशी, येऊन थांबते. त्याने ‘मी ती विकली’ म्हणून टेक्सासच्या दुकानाचं नाव सांगितलं तरच पुढचा धागा मिळतो. आणि टेक्सासच्या माणसाने ती नंतर गावातल्याच शेजाऱ्याला विकली असेल, तर त्या व्यवहाराला दुकानदार लागत नाही, अर्ज लागत नाही आणि पडताळणीही लागत नाही.