सेल्फचा आवाज

मे महिन्यात लगीनसराई लागली की सुरतेच्या डिंडोली, उधना, लिंबायतमधली खानदेशी घरं गावाकडे निघतात. पूर्वी ताप्ती लाइनची आगगाडी, आता बऱ्याच दारांत चारचाकी. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी आणि मग कोंडाईबारीचा घाट. बाहेर ऊन रणरणतंय, आत माणसं दाटीवाटीने बसलीत, टपावर बॅगा, एसी पूर्ण सोडलेला आणि पुढे रांगत चाललेला मालट्रक. काटा लाल पट्ट्यात जातो, बोनेटमधून वाफ येते, गाडी कडेला लागते. तासाभराने किल्ली फिरवावी, तर गाडी चालू व्हायला तयार नाही.

आता तर इंजिन निवलंय. मग अडलंय कुठे?

त्याआधी एक वेगळाच प्रश्न पाहा: ही गाडी इथवर आलीच कशी? सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा आतला वायू २००० अंशांच्याही वर जातो. त्यावर झाकण म्हणून बसवलेलं हेड असतं ॲल्युमिनियमचं, आणि ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना! ३००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा हा जाळ होतो. तरी हेड वितळत नाही, कारण ज्वाळेपासून जेमतेम बोटभर अंतरावर, धातूच्या पोटातून पाणी धावत असतं. पेट्रोलच्या उष्णतेतला फार तर तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो. साधारण तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली बरीचशी हे पाणी उचलून नेतं.

बरं, ते पाणी उकळत का नाही? रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका वातावरणाने जास्त ठेवते. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत पाणीच राहतं, कूलंट मिसळलं तर त्याहून थोडं वर. म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडू नये. दाब सुटला की त्याच क्षणी आतलं पाणी उसळून वाफ होतं आणि थेट तोंडावर येतं.

पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचं, हे ठरवतो मेणाचा एक गोळा. पितळी डबीत कोंडलेलं मेण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान वितळतं, फुगतं आणि दांडी ढकलून झडप उघडतं. त्यासाठी ना वीज लागते, ना कॉम्प्युटर. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात हा थर्मोस्टॅट आणला. आजच्या गाड्यांतही बहुतेक तोच आहे.

घाटात या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा होते. इंजिन जोर लावतं म्हणून उष्णता वाढते, वेग कमी म्हणून वारा मिळत नाही, आणि एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसलेला असल्याने जो वारा येतो तोही आधीच तापून येतो. सुरतेकडच्या गाड्यांत आणखी एक गंमत आहे. टाकीतला सीएनजी सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. रिड्यूसरमध्ये तो दाब एकदम उतरतो तेव्हा गॅस इतका गार होतो की रिड्यूसर गोठू शकतो. तो गोठू नये म्हणून इंजिनचंच गरम पाणी त्यातून फिरवतात. म्हणजे एकच पाणी हेडला जळू देत नाही आणि रिड्यूसरला गोठू देत नाही! मात्र त्यासाठी जोडलेल्या पाइपमुळे गळतीची जागाही एक वाढते.

पाणी निघून गेलं की काटाही फसवतो. तो पाण्याचं तापमान सांगतो, धातूचं नाही. सेन्सर कोरडा पडला की काटा खाली येऊ शकतो, चालवणारा सुटकेचा श्वास सोडतो, आणि नेमकं तेव्हाच हेड भाजत असतं.

आता किल्ली फिरवा आणि कान द्या. लूमवर काम करणाऱ्याला यंत्राचा ताल बिघडलेला न पाहता कळतो. मेकॅनिकला तसंच सेल्फच्या, म्हणजे स्टार्टर मोटरच्या, आवाजावरून बरंच कळतं.

नुसतं ‘टक्’ झालं आणि पुढे काहीच नाही? बॅटरी उतरली असेल, किंवा सेल्फ तापला असेल. तांब्याचं तापमान १०० अंशांनी वाढलं की त्याचा विद्युतरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, मग करंट कमी पडतो. हे झालं साधं कारण. भीतीचं कारण वेगळं: पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटला असेल, किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल. पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारत राहिलात तर पोलादी कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मेकॅनिक आधी प्लग काढतो आणि मगच इंजिन फिरवतो. पाणी असेल तर प्लगच्या भोकातून पिचकारी उडते.

सेल्फ नेहमीसारखा फिरतो, पण इंजिन पकडत नाही? मग आरपीएमच्या काट्याकडे बघा. तो हललाच नाही तर संशय क्रँक सेन्सरवर. हा सेन्सर फिरत्या चाकाचे दात मोजतो. अनेक गाड्यांत ६० दातांच्या जागांपैकी २ मुद्दाम रिकाम्या ठेवतात; त्या फटीवरून कॉम्प्युटरला पिस्टन कुठे आहे ते कळतं. सेन्सरच्या बारीक तारेला तडा असेल तर उष्णतेने तो उघडतो आणि निवल्यावर जुळतो. अशी गाडी तासाभराने चालू होते आणि पुढच्या चढावर पुन्हा बंद पडते. पाण्याचा सेन्सर जळला तर आणखी मजा: तुटलेली तार कॉम्प्युटरला कडाक्याची थंडी वाटते. मे महिन्यात, खानदेशात! नव्या गाड्या ही थाप ओळखतात. काही जुन्या मात्र थंडी समजून पेट्रोल ओततात आणि प्लग भिजवून बसतात.

मला सर्वांत थक्क करतो तो तिसरा आवाज. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर आणि एकसुरी फिरतो. एरवी दर वेळी हवा दाबताना तो जरा अडखळतो. ती अडखळ गेली, म्हणजे दाब कुठून तरी निसटतोय.

याचं गणित बघा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड नेहमीपेक्षा १०० अंश जास्त तापलं तर सुमारे ०.९ मिलिमीटर वाढू पाहतं. खालचा ब्लॉक लोखंडी असेल तर तो तेवढ्याच तापमानाला त्याच्या निम्माच वाढेल. बोल्ट दोघांना जखडून धरतात. जायला जागा नसलेलं हेड कमान घेतं, मधलं गॅस्केट चेपतं किंवा जळतं, आणि निवल्यावरही बाक राहतो. बहुतेक इंजिनांना चालणारा बाक किती? साधारण ०.०५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतकाही नाही!

पुरावा प्लगवर सापडतो. चार प्लग काढले आणि तीन काळपट-तपकिरी, पण एक लख्ख धुतलेला निघाला, तर चोर तोच: त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरून वाफ झाली आणि त्या वाफेने काजळी धुऊन नेली. शेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदम कमी आलं तर गॅस्केट बहुधा त्या दोघांच्या मधेच फुटलेलं असतं. डिपस्टिकवर ऑइल फेसाळ, दुधी आलं तर पाणी खालपर्यंत पोचलंय. मग गाडी चालू करून बघायचा मोहही नको.

त्यानंतर हेड उतरतं. त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेजची पाती सरकवतात आणि बाक निघाला तर हेड फेसिंगला जातं. मशीनवर त्याचा पृष्ठभाग पुन्हा सपाट होईपर्यंत किंचित तासतात. हेड जेवढं तासलं जातं तेवढी ज्वलनाची जागा आक्रसते आणि कॉम्प्रेशन थोडं वाढतं. म्हणून कंपन्या हेडची किमान उंची ठरवून देतात. ती मर्यादा संपली, किंवा झडपांच्या मधे तडा दिसला, की नवं हेडच आणावं लागतं.