तिथीची पाऊणपट

हेदवीच्या बामणघळीवर लाटांचे फोटो काढणारे एक निवृत्त शिक्षक कॅमेऱ्याच्या आधी पंचांग उघडतात, असं कळलं म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो.

“तिथीची पाऊणपट करा,” सर म्हणाले. “चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. आज अमावास्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.” भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्याचंच हे गणित. ते त्यांना गावातल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने शिकवलं. मिनिटामिनिटाचं भाकीत करायला ते नाही, पण कातळावर कधी उतरायचं आणि कधी मागे फिरायचं, एवढं नक्की सांगतं.

आषाढ सरत आला होता. मासेमारीची पावसाळी बंदी चालू होती, होड्या झापांखाली होत्या. गुहागर तालुक्यातल्या या गावाचं नाव दशभुजा गणेशामुळे सगळ्यांना माहीत असतं. घळ मात्र खाली समुद्रालगत, उमामहेश्वराच्या देवळापलीकडे आहे. काळ्या कातळाला उभी चीर पडलेली. लाट समोरून आत शिरते, पुढे जागा अरुंद होत जाते, मागून पाणी रेटतच असतं. मग त्याला वर जाण्यावाचून वाट उरत नाही.

पहिला अर्धा तास सरांनी कॅमेरा पिशवीतच ठेवला. लाटा झुंडीने येतात. चार-पाच लहान लाटा पाहून पुढे सरकणारा माणूस मोठ्या झुंडीत सापडतो. कातळ कुठवर भिजतो ते त्यांनी पाहिलं, शेवाळ टाळून कोरड्या जागी तिपाई रोवली, लेन्स पुसली.

आणि मग ते ऐकत राहिले. मोठी लाट यायच्या आधी घळ पाणी मागे ओढते. तळाशी गुरगुर होते, ती क्षणभर थांबते. ती थांबली की सर बटण दाबतात, त्या वेळी वर काहीच दिसत नसतं. पुढच्याच क्षणी पाण्याचा खांब डोक्याच्या कितीतरी वर उसळतो आणि खारे थेंब तोंडावर आपटतात. त्या दिवसाची आठवण आली की मला पाण्याआधी ते गुरगुर थांबणं आठवतं.

शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर होतं. काळी काच लावून तीस सेकंद उघडं ठेवलं, तर हाच समुद्र धुक्यासारखा गुळगुळीत दिसतो. अशी चित्रं भिंतीवर सुंदर दिसतात; पण ज्या पाण्याने हा कातळ चिरला त्याचा जोरच त्यांतून पुसला जातो, असं मला सरांशेजारी उभं राहून ठामपणे वाटलं. सर फार तर पाव सेकंदापर्यंत जातात. तेवढ्यात पाण्याची ओढ रेषांमध्ये दिसते आणि पाणी पाणीच राहतं.

पाऊणपटीचा खरा अर्थ मला परतताना उमगला. उधाणाची भरती या किनाऱ्यावर नेहमी दुपारच्याच आसपास येते, आणि पुन्हा मध्यरात्री. संध्याकाळी, उजेड सोन्यासारखा होतो तेव्हा, उधाणाच्या दिवसांत ओहोटी असते. सहाला भरती हवी तर अष्टमी धरावी लागते, आणि तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती असते. घळीत पाणी येतं, पण ही उसळी नसते. म्हणून सर बामणघळीसाठी पावसाळ्यातली अमावास्या-पौर्णिमा धरतात. भरदुपारी ढग ऊन अडवतात, काळ्या कातळावरचा पांढरा फेस फिका पडत नाही. अष्टमीच्या संध्याकाळी ते शेजारच्या वेळणेश्वरला पुळणीवर जातात, तिथे उथळ पाण्यात आकाश धरायला.

चहाच्या टपरीवर एका तरुणाने कौतुकाने फोन पुढे केला. घळीतून आभाळाला भिडलेलं पाणी, मागे केशरी सूर्यास्त. सरांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “तिथी कोणती होती?”