लॉक किती, हा प्रश्न नंतरचा

जुनी स्पोर्ट्स कार हौसेने सांभाळणाऱ्यांत लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा, म्हणजेच एलएसडीचा, विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो : लॉक किती टक्के? आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त, असा समज त्यामागे असतो. पण एलएसडी पकड निर्माण करत नाही. पकड टायर आणि रस्ता यांच्यात असते. ती वाया जाऊ न देणे एवढेच डिफरन्शियलच्या हातात आहे. साधे डिफरन्शियल मागच्या दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क देते. वळणावर आतल्या चाकावरचा भार कमी होतो. समजा, ते चाक 300 न्यूटन-मीटरला जागच्या जागी फिरू लागले, तर बाहेरच्या चाकात जास्त पेलण्याची ताकद असूनही त्याला 300 च मिळतात. एकूण 600. एलएसडी मात्र बाहेरच्या चाकाला आतल्याच्या काही पट टॉर्क देऊ शकते. ही पट अडीच असली तर बाहेर 750 आणि एकूण 1050. हा साधा गुणाकार ध्यानात ठेवला तर पुढचे बरेच गैरसमज आपोआप सुटतात.

आधी टक्क्यांचेच पाहू. 40 टक्के म्हणजे डिफरन्शियल चाळीस टक्के जाम, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हा आकडा दोन चाकांच्या टॉर्कमधला फरक भागिले त्यांची बेरीज असा काढतात. म्हणजे 40 टक्क्यांत एका चाकाला जास्तीत जास्त 70 आणि दुसऱ्याला 30 भाग जातात. पट झाली सुमारे 2.33. पुरता लॉक ही वेगळीच चीज आहे आणि ती आपल्याकडच्या शेतकऱ्यांना चांगली माहीत आहे. ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टरचे एक चाक रुतून गरगरू लागले की डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबतात, आणि बाहेर पडताच सोडतात, कारण लॉक लावून ट्रॅक्टर नीट वळत नाही. डिफरन्शियल वेल्डिंग करून ‘फुकटातली एलएसडी’ बनवणारे हे सोडण्याचे पेडलच काढून टाकतात. घसरत्या ड्रिफ्टिंगसाठी ते चालून जाईल. रस्त्यावरच्या गाडीत टायर आणि ॲक्सल दोन्ही खराब होतात.

दुसरा समज टॉर्सनचा. व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकी संशोधकाची ही गिअरवर चालणारी रचना. तिच्यात झिजणाऱ्या क्लच प्लेटा नाहीत, ती गुपचूप आणि झटकन काम करते, म्हणून ‘सगळ्यात भारी’ अशी तिची ख्याती. ख्याती खोटी नाही, पण ती गुणाकारावर उभी आहे, आणि शून्याला कितीनेही गुणले तरी उत्तर शून्यच. आतले चाक हवेत उचलले गेले की साधे टॉर्सन जवळजवळ ओपन, म्हणजे एलएसडी नसलेल्या, डिफरन्शियलसारखे वागते. मग लष्करी हम्वीत ते कसे चालते? चालक ॲक्सिलरेटरसोबत ब्रेक हलकासा दाबतो. मोकळ्या चाकाला त्यामुळे थोडा विरोध मिळतो आणि गुणायला काहीतरी उरते. हीच गोष्ट जॅकवरच्या प्रसिद्ध चाचणीला लागू होते. दोन्ही चाके उचलून एक हाताने फिरवायचे, दुसरे उलट फिरले तर ‘एलएसडी नाही’ असा निकाल द्यायचा. शाबूत टॉर्सनही या परीक्षेत नापास होऊ शकते.

प्लेटांच्या एलएसडीत प्रीलोड असतो, म्हणजे चाक हवेत असतानाही थोडा टॉर्क दुसरीकडे पोचतो. ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरच्या रेसिंग कारचे आतले चाक वळणातून बाहेर पडताना घसरत असे. त्यावर 1935 मध्ये झेडएफ या कंपनीकडून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल करून घेतले गेले, पण ते प्लेटांचे नसून सरकत्या पिना आणि कॅमचे होते. प्लेटांच्या एलएसडीची खरी गंमत मात्र टक्क्यांत नसून प्लेटा आवळणाऱ्या रॅम्पच्या कोनांत आहे. वन-वे फक्त ॲक्सिलरेटर देताना आवळते, टू-वे पाय काढल्यावरही तितकेच, दीड-वे मधले. टू-वे आवळलेले असताना गाडी वळणात शिरायला नाखूश असते, नाक बाहेर ओढते. ‘एलएसडीमुळे गाडी शेपूट फिरवते’ हे अर्धेच खरे : दोन्ही चाके पकडून असताना ती गाडीला सरळ ढकलते, शेपूट सुटते ते दोन्ही चाके एकदम घसरल्यावर. शिवाय मागचा अँटी-रोल बार फार कडक केल्यामुळे चाक उचलले जात असेल, तर आधी बार सैल करावा. सस्पेन्शनची चूक महागड्या डिफरन्शियलने झाकणे हा माझ्या मते उलटा उपचार आहे.

कमी ताकदीच्या गाडीला हे हवेच कशाला, हा आक्षेप रास्त आहे, आणि कोरड्या रस्त्यावर फेरफटका मारणाऱ्याने तो मान्य करून पैसे टायरवर घालावेत. पण चाक घसरते ते ताकद आणि भार यांच्या मेळावर, नुसत्या अश्वशक्तीवर नाही. 1989 ची माझ्दा एमएक्स-5 याचे चांगले उदाहरण आहे. एक टनाच्या आतली गाडी, 1.6 लिटरचे इंजिन, तरी कारखान्याने पर्याय म्हणून व्हिस्कस एलएसडी ठेवली होती. तिच्यातले सिलिकॉनचे द्रव चाकांच्या वेगात फरक पडल्यावरच घट्ट होते, म्हणजे घसरण आधी, मदत मागाहून. आणि तीसेक वर्षांनी ती बहुधा थकलेलीच असते. 1994 च्या 1.8 पासून मोठे, सात इंची डिफरन्शियल आले आणि पर्यायात टॉर्सन. ते 1.6 मध्ये बसते, पण ॲक्सल आणि प्रोपेलर शाफ्टही 1.8 चेच लागतात. रस्त्यावरच्या एमएक्स-5 ला माझे मत याच टॉर्सनला. ट्रॅकवर कडक सस्पेन्शनने आतले चाक उचलणारी गाडी असेल तर दीड-वे प्लेटांची घ्यावी, तिच्यासाठी सांगितलेलेच तेल भरावे आणि प्लेटा बदलण्याचा खर्च आधीच धरावा. आणि कोणतीही एलएसडी बसवली तरी एक मागचे चाक जमिनीवर ठेवून, दुसरे जॅकवर घेऊन, इंजिन चालू असताना गिअर टाकू नका. गाडी जॅकवरून उतरून पुढे निघेल.