रंगीत पाणी भुशाने नितळ होतं, पण ते जनावरांना पाजायचं का?

छत्रपती संभाजीनगर : पैठणीचं रेशीम असो की हिमरूचं सूत, रंगवल्यावर लड धुवावीच लागते. जो रंग धाग्याला चिकटत नाही, तो या धुण्याच्या पाण्यातून बाहेर पडतो. सोलापूर, इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावांत तर असं पाणी रोजच निघतं. काही रंग लिटरभर पाण्यात १ मिलिग्रॅमहून कमी असले तरी डोळ्यांना दिसतात.

हा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. रंगामुळे ऊन पाण्यात खोल जात नाही, त्याचा त्रास पाण्यातल्या वनस्पतींना आणि माशांना होतो. काही अ‍ॅझो रंग तुटले की त्यातून कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं तयार होतात. म्हणूनच असे कित्येक रंग १९९० च्या दशकात भारतात बंद करण्यात आले.

भुसा रंग कसा धरतो?

उसाची चिपाडं, शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा, कडुनिंबाचा वाळलेला पाला यांचे कण पाण्यात टाकले की रंग त्यांच्या पृष्ठभागावर चिकटून बसतो. वनस्पतीच्या कणांवर पाण्यात बहुधा ऋण भार असतो. त्यामुळे मिथिलीन ब्लूसारखे धन भाराचे रंग ते पटकन ओढून घेतात.

खरी अडचण पुढे आहे. सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग आणि रेशमाचे अ‍ॅसिड रंग ऋण भाराचे असतात. साधा भुसा त्यांना नीट धरत नाही. त्यासाठी पाणी आम्लधर्मी करावं लागतं किंवा भुशावर आधी प्रक्रिया करावी लागते. त्यामुळे प्रयोगशाळेत निळं पाणी नितळ झालं, तरी रंगाईच्या हौदात तसंच होईल असं नाही.

मोजायचं कसं?

डोळ्यांवर भरवसा ठेवून चालत नाही. प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचं यंत्र पाण्यातून ठरावीक प्रकाश सोडतं. रंग जितका जास्त, तितका प्रकाश जास्त शोषला जातो. मिथिलीन ब्लूसाठी साधारण ६६४ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश वापरतात. आधी माहीत प्रमाणाचे नमुने मोजून तक्ता करायचा, मग आपलं पाणी त्याच्याशी ताडून पाहायचं. मोजण्याआधी पाणी गाळणं गरजेचं, कारण तरंगणारा भुसाही प्रकाश अडवतो. सालीचा स्वतःचा तपकिरी रंग उतरतो, म्हणून भुसा आधी स्वच्छ धुवावा लागतो.

उदाहरण घ्या. १ लिटर पाण्यात ५० मिलिग्रॅम रंग होता, २ ग्रॅम भुसा टाकल्यावर ५ उरला. म्हणजे ९० टक्के रंग गेला आणि भुशाच्या प्रत्येक ग्रॅमने २२.५ मिलिग्रॅम रंग धरला.

मग तो रंग गेला कुठे?

तो नाहीसा झाला नाही, भुशात जाऊन बसला. हा भुसा उकिरड्यावर, शेतात किंवा चुलीत टाकला तर तोच रंग माती, विहीर नाहीतर धुरातून परत येतो. शिवाय रंगाईच्या पाण्यात मीठ, सोडा आणि कधी धातूही असतात. नितळ पाण्यात ते दिसत नाहीत. मीठ तर भुशाने जातच नाही, आणि असं पाणी सतत दिलं तर काळी जमीन खारावते, चोपण होते.

म्हणून नितळ दिसलं तरी असं पाणी जनावरांना पाजू नये, तपासल्याशिवाय पिकालाही देऊ नये. भुशाचा उपाय स्वस्त आहे, पण तो कारखान्याच्या शुद्धीकरणातला एक टप्पा आहे, घरगुती गाळणी नव्हे.

शहरातून वाहणारी खाम नदी पुढे गोदावरीला मिळते आणि शहराला पिण्याचं पाणी मुख्यतः पैठणच्या नाथसागरातून येतं. ओढ्याला, नाल्याला रंगीत पाणी आलेलं दिसलं तर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या शहरातील कार्यालयात लेखी तक्रार द्या. ग्रामपंचायतीलाही प्रत द्या. पाणी वाहून गेलं की नमुना मिळत नाही, त्यामुळे तक्रार त्याच दिवशी केलेली बरी.